गुळणीचा कारखाना

आत्याबाई, तुम्हाला अंगणात खाली घेतलं आणि बायकांनी सगळ्यांत आधी विचारलं ते तुमच्या माळेचं. चुलीवर पाणी तापत होतं, नवं लुगडं आणायला माणूस गेला होता. तुमच्या चुलतजावेनं तुमच्या गळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माळ कुठं गेली गं हिची?" सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. सासूच्या अंगावरच्या वस्तूची खबर सुनेला नसेल तर कुणाला असणार. मी म्हणाले, दोरा तुटलाय, ओवून आणायची राहिली. तुम्हीच मला कित्येक महिने जे सांगत होतात तेच मी पुढं सांगितलं. मग कुणीतरी तुळशीचं पान खुडून तुमच्या ओठांत ठेवलं. दादा खांबाला टेकून उभे होते. तुमचा थोरला लेक, माझा थोरला दीर, गावच्या सप्ताहाचा कर्ता माणूस, आणि तोंडातून एवढंच आलं, "आईच्या गळ्यात माळ न्हाई कावून?"

मला रडू यायच्या आधी भीती वाटली. आता तुमच्याशी काय लपवायचं. तुम्ही गेल्याचं दुःख नंतर आलं, सावकाश आलं, तुमचं चहाचं भांडं घासताना आलं. आधी माझं धाबं दणाणलं होतं. लोक म्हणतात सासू गेली की सून मोकळी होते. मी मोकळी नाही झाले, उघडी पडले. मी जिथं कामाला जाते ती जागा काय आहे, हे गावाला तुमच्या शब्दावर माहीत होतं. शब्द देणारीच उठून गेली, तर त्या शब्दाचं काय होणार?

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी परत सांगते, कारण माझ्याच मनाला ते नीट लावून घ्यायचं आहे.

माजलगावच्या धरणाच्या पल्याड, पाणी दिसतं त्या टेकाडावर द्राक्षाचा कारखाना झाला, तेव्हा आपल्या भागात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. इथं कारखाना म्हटलं की उसाचा. तो उसाचा तसा हा द्राक्षाचा. मला तिथं नोकरी लागली, पाहुण्यांना माहिती सांगायची, तेव्हा घरी मी 'द्राक्षाचा कारखाना' एवढंच सांगितलं आणि कुणी पुढं विचारलं नाही. तिथं फसफसणारी वाईन करतात, स्पार्कलिंग वाईन. पुण्याची, संभाजीनगरची माणसं गाड्या घेऊन धरण बघायला येतात आणि मग आमच्या टेस्टिंग रूममध्ये उंच स्टुलांवर बसून थोडी थोडी चाखतात. ती ओतायची, ती कशी होते ते सांगायचं, हे माझं काम. मी माळकऱ्यांच्या घरची सून. आपल्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बाहेर असतो.

आणि मला ती नोकरी आवडायची, आत्याबाई. आवडते. पगाराचं सोडा. बीडच्या कॉलेजात मी शास्त्र शिकले, दुसऱ्या वर्षी लग्न झालं, आणि त्यानंतर मला काय येतं हे कुणी विचारलं नव्हतं. तिथं मी उभी राहून सांगते, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण कसं होतं, बुडबुडा कुठून येतो, आणि दहाजण मान वर करून ऐकतात. तिथं मला सुमन म्हणतात. घरात मी धाकटी. ह्यांची बायको, तुमची सून, दादांची भावजय, सगळं आहे, पण माझं नाव घेऊन मला कुणी हाक मारत नाही.

मग कुणीतरी सप्ताहाच्या बैठकीत मोबाईलवर त्या जागेचा फोटो दाखवला. ग्लास, बाटल्या, टेकाड, सगळं. दादा घरी आले तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर दिसत होती. ह्यांनी, म्हणजे तुमच्या धाकट्या चिरंजीवांनी, थोरल्या भावापुढं तोंड उघडायचं नाही असं पाळण्यातच ठरवलेलं दिसतं. ते ट्रॅक्टरखाली शिरून काहीतरी दुरुस्त करायला लागले. ट्रॅक्टरला काहीही झालं नव्हतं. दादा माझ्याशी थेट बोलत नाहीत, ते तुम्हाला म्हणाले, "आई, तू जाऊन बघ. तू म्हणशील ते. तू हो म्हणलीस तर जाऊ दी तिला, न्हाई म्हणलीस तर उद्यापासून बंद."

तुम्हालाच का, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी लग्न होऊन आले त्याच वर्षीची गोष्ट. दादांनी शेजारच्या रानातला बांध थोडा सरकवला होता आणि देवळात पंच बसणार होते. साक्षीला तुम्हीच, कारण बांध तुमच्या डोळ्यांदेखत घातलेला. निघायच्या आधी तुम्ही ओसरीवर दादांना म्हणालात, "खोटंच बोलायचं असंल तर आधी माळ खुंटीला लाव, मंग जा. गळ्यात ठिवून बोलू नगं." दादांचा हात गळ्याशी गेला आणि तिथंच थांबला. मी दारामागून बघत होते. देवळात जाऊन त्यांनी खरं ते सांगितलं, रानाची पट्टी गेली, आणि पुढं बरेच दिवस ते तुमच्या हातचं जेवले तरी तुमच्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून गावात तुमच्या साक्षीच्या पुढं साक्ष नव्हती. मला तर नवी सून म्हणून तुमची एवढी धास्ती बसली की मी दुधात पाणी घालतानासुद्धा तुमच्याकडं बघायची.

तेव्हा तुम्ही यायचं ठरलं आणि मी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं.

तुम्ही रिक्षातून उतरलात. नऊवारीचा काचा मारलेला, डोक्यावर पदर, गळ्यात ती माळ. माहेराहून, चकलांब्याहून, बापाबरोबर चालत जाऊन नारायणगडावर घातलेली, लग्नाच्याही आधी. फाटकावरच्या माणसानं तुम्हाला नमस्कार केला. मी तुम्हाला आधी तळघरात नेलं, म्हटलं टेस्टिंग रूम जितकी उशिरा दिसेल तेवढं बरं. तिथं गार होतं आणि लाकडी फळ्यांच्या भोकांत बाटल्या मान खाली करून लावलेल्या. त्या रोज थोड्या थोड्या फिरवतात, म्हणजे आतला गाळ हळूहळू झाकणाशी उतरतो. फिरवणाऱ्या माणसानं तोंडावर जाळीचा मुखवटा घातला होता. तुम्ही माझं मनगट धरलंत.

"ह्येनं तोंड कावून बांधलंय?"

"एखादी बाटली फुटती, आत्याबाई. आत दाब असतो लई."

"अन् तू इथं रोज येतीस?"

"रोज."

तुमचा हात माझ्या मनगटावरून सुटला नाही. तुम्ही मला कधी हात लावला नव्हता, सणावाराला पाया पडताना डोक्यावर ठेवायचात तेवढाच. त्या गारठ्यात तुमची बोटं गरम होती आणि पकड घट्ट होत होती. मला वाटत होतं मीच तेवढी भ्यालेय. तुम्हीही भ्याला होतात. माझ्यासाठी भ्याला होतात हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं बाटल्यांना भ्याला असाल.

वर टेस्टिंग रूममध्ये त्या दिवशी नशीब बघा काय होतं. हॉटेलाचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींची एक तुकडी आली होती, त्यांच्या सरांबरोबर. एका बैठकीत पुष्कळ प्रकार चाखायचे असले की ही शिकणारी मंडळी गिळत नाहीत. घोट तोंडात घेतात, गालात फिरवतात आणि मधल्या स्टीलच्या भांड्यात थुंकून टाकतात. तुम्ही स्टुलावर चढला नाहीत, ते नाकारून भिंतीच्या बाकावर बसलात आणि बघत राहिलात. एकामागून एक पोरं गुळणी करत होती. मी बाटली उघडायला घेतली. चांगली बाटली आवाज न करता उघडायची असते, बुचातून नुसता सुस्कारा यायला हवा. मी रोज तशीच उघडते. त्या दिवशी तुमचे डोळे माझ्या हातांवर होते. माझा अंगठा सटकला, बूच सुटलं ते थेट छताला लागलं आणि तुमच्या पायापाशी येऊन पडलं. पोरं हसली. तुम्ही "राम कृष्ण हरी" म्हणून डोळे मिटलेत.

मग तुम्ही डोळे उघडलेत आणि शांतपणे विचारलंत, "ही समदी चूळ भरून थुकत्यात व्हय गं?"

मी म्हणाले, "व्हय."

एवढंच म्हणाले. ती पोरं खरोखर थुंकत होती. त्यापुढं सांगायला माझी जीभ उचलली नाही. मी तुमच्यासाठी चहा करायला आत गेले आणि उगाच वेळ लावला. परत आले तेव्हा तुम्ही निघायच्या तयारीत होतात. चहा बशीत ओतून घेतलात, रिक्षा थांबली होती, बसून गेलात. माझी पाळी संध्याकाळपर्यंत होती. सबंध दिवस मी निकालाची वाट बघत बाटल्या उघडल्या.

निकाल मला घरी पोचायच्या आधी लागला होता. तुम्ही देवळाच्या मंडपात, सप्ताहाच्या माणसांसमोर, दादांसमोर, पदर पुढं ओढून उभ्या राहिलात आणि म्हणालात, "तिथं पिणारं कुणी न्हाई. तोंडात घेत्यात, गुळणी करत्यात, थुकून देत्यात. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं." गाव हसायला लागलं. शहरच्या माणसांना पैसे देऊन गुळण्या करायला इथवर यावं लागतं, ह्याच्यावर चार दिवस पारावर करमणूक झाली. द्राक्षाच्या कारखान्याचं नाव गुळणीचा कारखाना पडलं. माझी नोकरी टिकली.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी अंगणात पाऊल टाकलं की तुम्ही भाजी निवडताना, मान वर न करता विचारायचात, "आज किती जणांनी गुळणी केली?" ओसरीवर दादा असायचे, तेही ऐकायचे. मी म्हणायचे, "समद्यांनी." तुम्ही "हां" म्हणायचात. तुम्ही माझी थट्टा करताय की खरंच विचारताय, हे मला कधीच ओळखू आलं नाही. तुमच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. मी स्वतःला सांगितलं, आत्याबाईंचा भाबडा गैरसमज झालाय, तो आहे तसा राहू दे, त्यात माझं काय जातंय.

आणि तेव्हापासूनच तुमचा गळा मोकळा होता. मला ते दोन-तीन दिवसांनी दिसलं. विचारलं तर म्हणालात दोरा कुजून तुटलाय. मी म्हणाले द्या, मी ओवून देते. राहू दे. मी परत म्हणाले. राहू दे म्हणलं ना. कीर्तनाला तुम्ही पुढं बसायचात, ते मागं खांबापाशी बसायला लागलात. तुमच्या शेवटच्या संध्याकाळीही आपलं त्याच्यावरूनच वाजलं. मी म्हणाले, माळेवाचून तुम्ही बऱ्या दिसत नाही, माझ्याकडं द्या नाहीतर दादांना सांगते. तुम्ही माझ्यावर डोळे वटारलेत. "माझी माळ, माझा गळा. तू तुझ्या गुळण्या बघ." मला राग आला आणि मी न बोलता ताट वाढलं. ते भांडण तसंच अर्धं राहिलं. सकाळी तुम्ही उठलाच नाहीत.

तेराव्यानंतर तुमची पेटी उघडली, लुगडी वाटायला. जाऊबाई आणि मी. सगळ्यांत खाली, माहेरच्या जुन्या खणाच्या घडीत, आमच्या टेस्टिंग रूमचा पांढरा नॅपकिन होता. मी जाऊबाईंचं लक्ष नसताना तो कनवटीला लावला आणि न्हाणीघरात जाऊन सोडला. आत ते छताला लागलेलं बूच होतं. आणि माळ. मी दोरा बोटांनी सबंध चाचपला, मण्यामण्याला थांबून. कुठं कुजला नव्हता, कुठं तुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामावर शबानाला विचारलं. ग्लास धुण्याचं काम करते ती, माजलगावची. तिच्याही घरी तिनं बिस्किटाच्या कंपनीत जाते असं सांगितलेलं आहे, त्यामुळं आम्ही दोघी एकमेकींच्या जिवाला जीव. तिनं नळ बंद केला आणि ओढणीला हात पुसले.

"बाई, अम्मांनी सांगू नको म्हणलंतं. आता त्या ऱ्हायल्या न्हाईत म्हणून सांगते. तुमी चहाला गेलत्या तेव्हा त्येंनी मला जवळ बोलवलं. म्हणल्या, खरं सांग पोरी, रोज समदेच थुकत्यात का? म्या म्हणलं न्हाई अम्मा, ही शिकायला आलेली पोरं हायत. बाकीचे पित्यात. दारूच हाय ती, भारीतली."

"मग?"

"मंग त्येंनी मान हलवली. म्हणल्या, तिला सांगू नको म्या इचारलं म्हणून. मंग ते बूच उचललं, एक फडकं मागितलं. गळ्यातली माळ काढली, डोळ्याला लावली अन् फडक्यात गुंडाळली. म्या म्हणलं अम्मा कावून काढली? तर म्हणल्या, आता गावात जायचंय मला."

आत्याबाई, मी तिथंच ओट्याला धरून खाली बसले.

तुम्हाला माहीत होतं. देवळात उभं राहून तुम्ही आयुष्यातलं एक खोटं बोललात, पदर पुढं ओढून, मोकळ्या गळ्यानं. आणि ते बोलल्यावर माळ परत घातली नाहीत. परत घालायचा हक्क राहिला नाही असं तुम्हाला वाटलं असणार. माझ्यामुळं तुम्ही खांबामागं बसलात. माझ्यामुळं तुम्हाला तुळशीच्या पानावर जावं लागलं. माळकरी माणूस मोकळ्या गळ्यानं गेलं तर पुढं त्याचं काय होतं, हे मी लहानपणापासून कीर्तनात ऐकलंय, आणि शास्त्र शिकलेली असले तरी त्या दिवसापासून मला झोपेत तुमचा गळा दिसतो. मला खूप भीती वाटते. तुम्ही हे का केलंत ते एकदा तरी सांगायचं होतं. तळघरात माझं मनगट धरलंत तेव्हा ठरवलंत का? की बूच उडाल्यावर माझा चेहरा बघून? मी तुमची इतकी वर्षं धास्ती घेतली आणि तुम्ही माझ्यासाठी असं काही करून बसलात, ह्याचे आभार कुठं जाऊन मानू.

माळ मी पर्समध्ये ठेवली. घरात ठेवायला जागा सुचेना.

पण तेराव्याला आलेल्या तुमच्या चकलांब्याच्या भाच्यानं पंगतीत दादांना सांगितलंच होतं. तो मित्रांबरोबर जाऊन आला होता आमच्याकडं. "आत्याला कुणीतरी बनवलं दादा. तिथं समदे पित्यात. म्या सोता पेलो." दादा जेवायचे थांबले नाहीत. पण हात धुताना ह्यांना म्हणाले, "म्या सोता जाऊन बघणार हाय." हे मला सांगताना ह्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. मी म्हणाले, तुम्ही बरोबर या. तर म्हणाले, त्या दिवशी उसाची खेप आहे. दिवस कुठला ते अजून ठरलंही नव्हतं.

दादा आले. पांढरा सदरा, टोपी, गळ्यात माळ. तुमच्याच बाकावर बसले. मी पदर डोक्यावरून घेतला, आणि त्या जागेत पहिल्यांदाच पदर घेऊन बाटली उघडली. त्या दिवशी संभाजीनगरचं एक कुटुंब होतं, लग्नाचा वाढदिवस करायला आलेलं. मी मनात म्हणत होते, एकानं तरी थुंका, खोकला आला म्हणून तरी थुंका. एकानंही नाही. हसत होते, फोटो काढत होते आणि गिळत होते. स्टीलचं भांडं मधोमध कोरडं ठणठणीत. दादा त्या भांड्याकडं बघत होते.

पाहुणे बाहेर धरण बघायला गेले तेव्हा दादा बोलले. माझ्याशी, थेट.

"ह्ये थुकत न्हाईत."

"न्हाई दादा. पित्यात. पयल्यापासून पित्यात. थुकणारं एखादं असतं कवातरी."

माझ्या तोंडून ते कसं आलं मला कळलं नाही. इतके दिवस ज्या गोष्टीला भ्याले ती बोलून झाली आणि भीती कमी झाली नाही, कारण पुढचा प्रश्न मला दिसत होता.

"आईला ठावं व्हतं?"

आतला नळ बंद झाला. शबाना ऐकत होती. हो म्हटलं तर तुम्ही खोटारड्या, देवळात उभं राहून गावाला फसवलेल्या. नाही म्हटलं तर तुम्हाला फसवणारी कुणीतरी हवी. ती हजर होतीच.

"न्हाई," मी म्हणाले. "त्येंना म्याच तसं दाखवलं. मुद्दाम थुकणारी माणसं व्हती त्या दिवशी बोलवलं त्येंना."

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "अन् माळ? माळ कुठं गेली तिची?"

"माझ्याकडं हाय. दोरा तुटलाय. ओवायला दिलती माझ्याजवळ, ऱ्हाऊन गेलं. आणते."

आत गेले. पर्समधून नॅपकिन काढला. माळ अखंड होती, आणि अखंड माळ दादांच्या हातात दिली तर ती तुम्ही स्वतः उतरवलीत हे त्यांना कळायला क्षण लागला नसता. बांधाच्या वेळी खुंटीची गोष्ट तुम्ही त्यांनाच सांगितली होती. बाटलीच्या गळ्यावरचा कागद कापायची छोटी सुरी ओट्यावर होती. शबानानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. मी दोरा कापला. नारायणगडावर तुमच्या बापानं घातलेली माळ मी दारूच्या सुरीनं कापली, आत्याबाई. मणी ओट्यावर पसरले, मी गोळा केले, एकेक बघून, नॅपकिनमध्ये घातले. दोरा चुरगाळून टाकून दिला. बूच माझ्याजवळ ठेवलं.

दादांनी नॅपकिन घेतला, उघडला, मिटला, खिशात घातला. पाणी प्यायले. माझ्याकडं न बघता निघून गेले.

रात्री घरात लवकर दिवे मालवले. हे "काय झालं" म्हणाले, मी "काही नाही" म्हणाले, तेवढ्यावर ते समाधानानं झोपले.

सकाळी मी निघाले तेव्हा दादा ओसरीवर होते. पुढं ताटलीत मणी, हातात सुई, नवा दोरा. सगळ्यांत मोठा मणी त्यांनी उजेडाकडं धरला होता. त्या मण्यात माझ्या हातून एक गाठ राहून गेली होती, जुन्या दोऱ्याची, आणि तिचं टोक बाहेर दिसत होतं. तुटलेल्या दोऱ्याला कुसळं असतात. हे टोक सुरीनं कापलेलं, सरळ होतं. मी उभी राहिले. "दादा, जाते," मी म्हणाले. त्यांनी सुईच्या टोकानं गाठ उकलली, तो दोऱ्याचा तुकडा बोटावर घेतला, बराच वेळ बघितला.

त्या दिवशी मी ग्लास फोडला. एका पाहुण्याला माहिती सांगता सांगता मधेच विसरले. शबाना म्हणाली, घरी जा. घरीच जायची तर भीती होती.

संध्याकाळी फाटकातूनच दिसलं. ओसरीवर सप्ताहाची सगळी मंडळी बसलेली, पंचातली म्हातारी माणसं, आणि त्यांच्यात तुमचा तो चकलांब्याचा भाचा, मांडी घालून, सगळ्यांत पुढं. माझी पाचावर धारण बसली. हे ट्रॅक्टरखाली होते, नुसते पाय दिसत होते. मला वाटलं, भर माणसांत माझा निकाल लावायचा ठरलाय, आणि माझ्या आधी तुमचा. तुमची भाजी निवडायची जागा रिकामी होती. मी खालमानेनं अंगण ओलांडायला लागले.

"धाकटे," दादांचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आज किती जणांनी गुळणी केली?"

मी थांबले. भाचा काहीतरी बोलायला गेला, दादांनी हात वर करून त्याला गप्प केलं. "म्या बघून आलोय," ते म्हणाले. "आई म्हणली तसंच हाय. इचारलं ते सांग गं."

मला वर बघायचं धाडस होईना. मग बघितलं. दादांच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं आणि गळा मोकळा होता. त्यांच्या मागं भिंतीला खुंटी आहे ना, तिला दोन माळा होत्या, एक तुमची, नव्या दोऱ्यातली, आणि तिच्याशेजारी त्यांची.

"समद्यांनी, दादा," मी म्हणाले.